अंगणातले छत: सावली हवी, वाऱ्याला वाटही हवी

होळी पेटली, की शिरूर आणि दौंड या तालुक्यांत उन्हाचा कडाका जाणवू लागतो. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील हा भाग सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. पाऊस बेताचा, झाडी विरळ आणि चैत्र-वैशाखातले ऊन मात्र कोणतीही सवलत न देणारे. पूर्वी या उन्हावर घराच्या रचनेतच उतारा असे. जाड भिंती, पुढे पडवी, पडवीपुढे अंगण आणि अंगणात कडुनिंब किंवा चिंच. आता रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतींमुळे वस्ती वाढली, जमिनीचे लहान लहान तुकडे पडले. सिमेंटचे घर आणि त्यापुढे कोबा किंवा फरशी घातलेली दहा-पंधरा फुटांची मोकळी जागा, असे चित्र सर्वत्र दिसते. पडवी गेली, झाडही गेले. दुपारी त्या फरशीवर अनवाणी पाऊल टेकवत नाही.

या मोकळ्या जागेवर सावली आणण्याचे दोन उपाय सर्रास केले जातात. एक म्हणजे पत्रा ठोकणे आणि दुसरा म्हणजे ताडपत्री बांधणे. पत्रा तापतो आणि ताडपत्री पहिल्याच वळवात फाटते, नाहीतर ज्याला बांधली त्यालाच घेऊन कोसळते. या दोहोंच्या मधला, कमी खर्चाचा आणि घरच्या घरी करता येण्याजोगा मार्ग म्हणजे जाळीदार कापडाचे ताणलेले छत. मात्र ते उभारण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी पक्की करायला हवी. हे छप्पर नव्हे. ऊन अडवणे एवढेच त्याचे काम आहे. वारा आणि पाऊस अडवण्याची अपेक्षा त्याच्याकडून केली, की घात होतो.

सावली नेमके काय करते?

हवामान खाते ज्या कमाल तापमानाची नोंद देते, ते उन्हातले नसते. तापमापक पांढऱ्या रंगाच्या, झडपा असलेल्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. तिला ‘स्टीव्हन्सन पेटी’ म्हणतात. तिच्यात वारा खेळतो. पण ऊन शिरत नाही. म्हणजे वर्तमानपत्रात ‘पारा ४१ अंशांवर’ असे छापून येते, तेव्हा तो आकडा सावलीतला असतो. अंगणात छत बांधल्याने हवेचे हे तापमान कमी होत नाही.

मग कमी काय होते? निरभ्र आकाशात भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सूर्याकडून सुमारे एक हजार वॅट ऊर्जा येते. एक हजार वॅटची शेगडी दर चौरस मीटरला पेटवून ठेवावी, तसाच हा प्रकार. छत हा मारा थांबवते. अंगावर पडणारे ऊन थांबते, फरशी तापत नाही आणि तापलेली फरशी संध्याकाळी जी धग परत फेकते, तीही कमी होते.

दुसरा मुद्दा वाऱ्याचा. माणसाच्या त्वचेचे तापमान ३५ अंशांच्या आसपास असते. हवा त्याहून गरम झाली, की शरीराला थंड ठेवण्याचे काम एकटा घामच करतो आणि घाम सुकण्यासाठी वारा लागतो. या दोन तालुक्यांतली उन्हाळी हवा कोरडी असल्याने घाम लवकर सुकतो. पण हवा हलती राहिली तरच. पत्र्याच्या शेडखाली कोंदट वाटते, ते यामुळे. तापलेला पत्रा वरून धग फेकतो आणि त्याखाली अडकलेल्या गरम हवेला वर जायला वाट नसते. जाळीतून ही हवा निसटून जाते.

चार वाजता सावली कुठे असते?

छत बांधताना होणारी सर्वांत मोठी चूक म्हणजे बारा वाजताची सावली पाहून जागा ठरवणे. शिरूर आणि दौंड येथे १३ ते १५ मेच्या सुमारास दुपारी साडेबारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर येतो. यालाच ‘शून्य सावली दिवस’ म्हणतात. त्या वेळी छताची सावली बरोबर छताखाली पडते. पुढे सूर्य पश्चिमेकडे कलतो, तशी सावली पूर्वेकडे सरकू लागते.

मेच्या मध्यास आठ फूट उंचीवरच्या छताची सावली दुपारी तीन वाजता सुमारे पावणेसहा फूट पूर्वेला सरकलेली असते आणि चार वाजता सुमारे साडेनऊ फूट. म्हणजे दहा फूट रुंदीचे छत डोक्यावर असूनही चार वाजता त्याची जवळजवळ सगळी सावली शेजारच्या जागेत पडते आणि खाटेवर मात्र ऊन येते. हवा सर्वाधिक तापलेली असते तीही याच वेळी.

यावर उपाय दोन. अंगणात मोकळीक असेल, तर छत बसण्याच्या जागेच्या थोडे पश्चिमेला सरकवून बांधावे. ते शक्य नसेल, तर पश्चिमेच्या बाजूने त्याच जाळीचा एक पडदा कनातीसारखा सोडावा. पडदा जमिनीपर्यंत नेऊ नये. खालचे दोन-अडीच फूट मोकळे राहिले, तर वारा येतो. पश्चिमेला वाळ्याचा पडदा लावून त्यावर पाणी शिंपडण्याची पद्धत कोरड्या हवेत उत्तम काम करते. मात्र पाबळ, केंदूर यांसारख्या टंचाईच्या गावांत ती चैन परवडणारी नाही, हेही खरे.

जागा ठरवण्याची सोपी रीत अशी. दोन बांबू उभे करून त्यांवर एखादी जुनी साडी किंवा चादर बांधावी आणि एक दिवस साडेबारा, तीन आणि पाच वाजता सावलीच्या कडा खडूने फरशीवर आखून घ्याव्यात. खड्डे खणायचे ते त्यानंतर.

कापड कोणते घ्यावे?

मांजरपाट किंवा जाड सुती कॅनव्हासची सावली डोळ्यांना सुखावते. पण सुती कापड भिजले, की आकसते, जड होते आणि दमट राहिले, तर त्याला बुरशी येते. प्लॅस्टिकची ताडपत्री पाणी धरते आणि वाराही धरते. रोपवाटिकांमध्ये आणि भाजीपाल्याच्या शेतीत वापरली जाणारी शेडनेट, म्हणजे बोलीभाषेतली ‘हिरवी जाळी’, या कामाला अधिक योग्य. शेतीसाहित्याच्या दुकानांत ती सहज मिळते. या जाळीसाठी भारतीय मानक ब्यूरोचे ‘आयएस १६००८’ हे मानक आहे. खरेदी करताना त्याची चौकशी करावी.

जाळीवर ५०, ७५, ९० असे टक्के लिहिलेले असतात. एकूण उन्हापैकी तेवढा हिस्सा ती अडवते. रोपांना ५० टक्क्यांची जाळी पुरते, कारण त्यांना ऊन लागतेच. माणसांना बसण्यासाठी ७५ टक्क्यांची घ्यावी. ९० टक्क्यांची जाळी सावली दाट देते. पण ती घट्ट विणीची असल्याने वारा अधिक अडवते. हिरव्या जाळीखाली सगळेच हिरवट दिसते. ते नको असल्यास पांढरी किंवा काळी घ्यावी. अतिनील किरणांना तोंड देण्याची प्रक्रिया केलेली जाळी तीन ते पाच वर्षे टिकते. तशी प्रक्रिया नसलेली जाळी दुसऱ्याच उन्हाळ्यात हाताने चुरगळली, तरी तुटू लागते.

एक सावधगिरी महत्त्वाची. ही जाळी प्लॅस्टिकची आहे. ती पेट घेते आणि वितळून खाली ठिबकते. तिच्याखाली चूल किंवा शेगडी पेटवू नये, तसेच दिवाळीत फटाके उडवू नयेत.

वाऱ्याचे गणित

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ढग भरून येतात, धुळीचा लोट उठतो आणि पाठोपाठ वळवाचे टपोरे थेंब, कधी गाराही पडतात. छताची खरी परीक्षा या दहा-पंधरा मिनिटांत होते.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा दाब चौपट होतो. दहा फूट बाय बारा फूट मापाच्या कापडाचे क्षेत्रफळ सुमारे ११ चौरस मीटर भरते. घट्ट विणीचे कापड वाऱ्यासमोर आडवे आले आणि वेग ताशी ३० किलोमीटर असेल, तर त्यावर सुमारे ४७ किलोचा दाब येतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला तोच दाब सुमारे १९० किलोंवर जातो. तीन-चार धडधाकट माणसे एकदम लोंबकळावीत, तेवढा हा भार आहे. जाळीतून बराचसा वारा निघून जात असल्याने तिच्यावरचा भार कमी असतो. परंतु खांब आणि हुक यांचा विचार करताना मोठा आकडाच धरावा.

पाण्याचेही तसेच. ताडपत्रीला मध्ये झोळ पडला आणि तेथे सरासरी एक सेंटिमीटर पाणी साचले, तरी दर चौरस मीटरला दहा किलो वजन वाढते. वजनाने झोळ वाढतो, वाढलेल्या झोळात आणखी पाणी साचते आणि शेवटी आयलेट उपसून येतात. जाळीत पाणी साचत नाही, हा तिचा मोठा गुण.

खांब आणि भिंत

मांडवाचा पहिला खांब रोवण्याच्या विधीला मुहूर्तमेढ म्हणतात. कोणत्याही कामाचा आरंभ सांगायला मराठीने हाच शब्द उचलला, यावरून खांबाचे महत्त्व कळावे. शिरूर तालुक्यात तर खांब रोवण्याचा पुरावा फार जुना आहे. घोडनदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन घरांचे अवशेष मिळाले. लाकडी खांब केव्हाच मातीला मिळाले होते. पण ते जेथे रोवले होते, ते खळगे जमिनीत शाबूत होते.

दहा बाय बारा फुटांच्या छतासाठी दोन कोपरे घराच्या भिंतीला आणि दोन अंगणातल्या खांबांना बांधणे सोयीचे ठरते. खांबासाठी दोन इंच व्यासाचा, मध्यम जाडीचा जस्तलेपित लोखंडी पाइप घ्यावा. खड्डा दीड फूट लांब, दीड फूट रुंद आणि अडीच फूट खोल असावा. तो एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू आणि चार भाग खडी या प्रमाणात काँक्रीटने भरला, तर पायाचे वजनच पावणेचारशे किलोंच्या आसपास जाते. भीमेच्या आणि घोडनदीच्या काठची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. अशा जमिनीत मुरूम लागेपर्यंत खणावे, अन्यथा वर्षभरात खांब कलतो. खांब सरळ उभा न करता छताच्या उलट दिशेला किंचित झुकता ठेवावा, म्हणजे ताण आल्यावर तो आत ओढला जात नाही. काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारावे आणि त्यानंतरच ताण द्यावा.

भिंतीकडचे हुक काँक्रीटच्या तुळईत किंवा खांबातच बसवावेत. नुसत्या गिलाव्यात किंवा विटेत ठोकलेला हुक वाऱ्याच्या पहिल्या हिसक्याला बाहेर येतो. गच्चीच्या साडेचार इंची कठड्याला छत बांधणे तर सर्वस्वी टाळावे. हा कठडा पडू नये म्हणून उभारलेला असतो, ओढ सोसण्यासाठी नव्हे. तो खाली कोसळला, तर रस्त्यावरच्या माणसाच्या जिवावर बेतेल. पुण्याच्या उपनगरांत गच्चीवर छत बांधू पाहणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. विजेचा खांब, घरात येणारी विजेची तार आणि पाण्याच्या टाकीचे पाइप यांपासून छत दूर असावे. सुटलेले कापड तारेवर जाणार नाही, एवढे अंतर राखावे.

आकार खोगिराचा

चारही कोपरे एकाच उंचीवर ठेवून कापड कितीही ताणले, तरी ते वाऱ्यात फडफडते आणि फडफडणारे कापड शिवणीपाशी फाटते. त्याऐवजी समोरासमोरचे दोन कोपरे उंच आणि उरलेले दोन सखल ठेवले, तर कापडाला घोड्याच्या खोगिरासारखा पीळ बसतो. एका दिशेने ते वर वाकते, दुसऱ्या दिशेने खाली. वारा वरून आला किंवा खालून, कापडाचा कोणता ना कोणता धागा ताणलेला राहतो. जर्मन वास्तुरचनाकार फ्राय ऑटो यांनी तंबूंच्या अभ्यासातून हेच तत्त्व विकसित केले. म्युनिक येथील १९७२ च्या ऑलिंपिक मैदानावरचे प्रसिद्ध छत याच विचारातून आकाराला आले.

अंगणापुरते सांगायचे, तर भिंतीकडचा डावा कोपरा दहा फुटांवर, उजवा नऊ फुटांवर. अंगणातला उजवा खांब साडेआठ फूट आणि डावा सात फूट, अशी उंची ठेवावी. सखल कोपऱ्याखालूनही माणूस न वाकता जातो.

कापडाच्या कडा सरळ कापू नयेत. बारा फुटांच्या बाजूला मधोमध आठ-दहा इंच आत जाईल, अशी हलकी कमान द्यावी. दोरी सैल धरून तिचा झोल खडूने आखला, की कमान मिळते. कडा दुहेरी दुमडून आत पट्टी किंवा दोरी घालून शिवावी. दोरा पॉलिएस्टरचा वापरावा, कारण सुती दोरा उन्हाने आधी कुजतो. कोपऱ्यांना तिहेरी थर देऊन मगच आयलेट बसवावेत. हे काम ताडपत्री शिवणारे कारागीर तासा-दोन तासांत करून देतात. जाळी ताणाने वाढते. म्हणून ती जागेच्या मापाहून लहान ठेवून प्रत्येक कोपऱ्यात फूट-दीड फूट अंतर दोरीसाठी सोडावे.

वेल्डिंग आणि जोडकामाचे कसब या भागात परके नाही. पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात तर ग्रामीण मुलांना हाताने काम करत शिकण्याचे धडे दिले जातात. ज्याला खांबाला कडी जोडता येते आणि दोरीला गाठ मारता येते, त्याला हे छत जमण्यासारखे आहे.

निरगाठ नको, सुरगाठ हवी

भिंतीकडच्या दोन कोपऱ्यांना आटे फिरवून ताण वाढवता येणारे टर्नबकल लावावेत. खांबांकडचे दोन कोपरे मात्र दोरीने बांधावेत आणि तेही सुरगाठीने. टोक ओढताच गाठ सुटली पाहिजे. आकाश काळवंडले आणि धूळ उठली, की घरातल्या एकट्या माणसालाही, मग ती आजी असो वा शाळकरी मुलगा, जमिनीवर उभे राहून दोन मिनिटांत छत उतरवता यायला हवे. त्यासाठी दोरी खांबावरून खाली आणून हाताच्या उंचीवर खुंटीला बांधावी. शिडी लागणारे छत ऐन वादळात कोणी उतरवत नाही, असा सर्वसाधारण अनुभव आहे आणि उतरवायला गेलेच, तर अपघाताची भीती असते.

खर्चात काटकसर करायची, तर ती जाळीत करावी. जाळी फाटली, तर नवी आणता येते. खांबाचा पाया, हुक आणि दोरी यांत मात्र हात आखडता घेऊ नये. त्यांपैकी एकही गोष्ट निसटली, तर नुकसान केवळ कापडाचे राहत नाही.

मृगापर्यंतची सोबत

हे छत होळीनंतर चढवावे आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वी, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात उतरवावे. धुऊन, कडक वाळवून, घडी करून उंदरांपासून दूर ठेवावे. पावसाळ्यात मोकळ्या खांबांवर दोडक्याचा किंवा गोकर्णाचा वेल चढवता येतो.

शक्य असेल, तर त्याच पावसाळ्यात अंगणाच्या पश्चिमेला, पाया आणि भिंतीपासून पुरेसे अंतर ठेवून, कडुनिंबाचे एक रोप लावावे. झाडाला सावली धरायला काही वर्षे लागतात. जाळी टिकते तीही साधारण तेवढीच. मधले उन्हाळे निभावून नेण्याचे काम या कापडी छताने केले, तरी त्याचे मोल वसूल झाले म्हणायचे.